मंगळवारचा फोन

६ मार्च २०१७

आई गेल्यापासून ही वही उघडली नव्हती. लिहिण्यासारखं होतं ते लिहवत नव्हतं, आणि बाकीचं लिहिण्यासारखं नव्हतं. आज उघडली ती लिनेटमुळे.

बिस्किटांच्या कारखान्यात लिनेट आणि मी एकाच पट्ट्यावर उभ्या असायचो. कारखान्याला कुलूप लागलं तेव्हा दोघी एकाच दिवशी घरी आलो. आज ती चहाला आली, कोट काढायच्या आधीच म्हणाली, "एव्हरिल, बुकीला लुटायचं का?"

मला वाटलं, हिचं डोकं फिरलं. मग तिने समजावून सांगितलं. नवं खातं उघडणाऱ्याला बुकी म्हणतो, आधी तू दहा पौंडांची पैज लाव, मग दहाची एक पैज माझ्याकडून फुकट. "तू त्याच्याकडे लावायचं, घोडा जिंकेल म्हणून. त्याच मिनिटाला दुसऱ्या साइटवर, जिथे लोक एकमेकांशीच पैजा मारतात, तिथे तोच घोडा हरेल म्हणून पैज घ्यायची. इकडे लाव, तिकडे खा. घोडा जिंको नाहीतर लंगडो, तुझं काही जात नाही. फुकटच्या पैजेचंही तसंच करायचं. त्यातले सातेक पौंड आपल्या पदरात."

"जुगारच की हा."

"जुगारात आशा असते, बाई. ह्यात नुसता हिशेब."

ती गेल्यावर बराच वेळ विचार केला. बाबांचे गुडघे आता जिना चढू देत नाहीत आणि न्हाणीघर वरच्या मजल्यावर. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, खाली सोय करा, नाहीतर त्यांना म्हाताऱ्यांच्या फ्लॅटमध्ये हलवा. तिथे त्यांची शर्यतीची कबुतरं चालत नाहीत. बाबा तिथे गेले तर वर्षभरात आटोपतील, हे मला माहीत आहे आणि त्यांनाही. आईच्या विम्याचे पैसे बाबांच्या नावाने पतपेढीत आहेत. त्यात निम्मं काम होईल. निम्मे मी उभे करायचे ठरवलंय. कुठून, ते आजपर्यंत कळत नव्हतं.

८ एप्रिल

ग्रँड नॅशनलचा दिवस. सगळ्या देशाला आज घोड्यांचं वेड लागतं आणि बुकी दोन्ही हातांनी फुकटच्या पैजा वाटतात. मी सकाळपासून लॅपटॉपला चिकटून. शर्यत सुरू झाली तेव्हा मी बटाटे सोलत होते, कोण जिंकलं ते संध्याकाळी बातम्यांत कळलं. लिनेटला फोनवर हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "झालीस तू तयार."

एका दिवसात कारखान्यातल्या आठवड्याच्या पगाराइतके मिळाले. घाम न गाळता मिळाले म्हणून थोडं चुकल्यासारखं वाटलं, पण थोडंच.

२ जून

माझी खाती एकेक करून आवळली जाताहेत. पत्र येतं: आपल्याला यापुढे ऑफरचा लाभ घेता येणार नाही. लिनेट म्हणते हे व्हायचंच. सारखा फायदा काढणारा माणूस बुकीला लगेच ओळखू येतो. मग घरच्यांच्या नावाने खाती उघडायची. नियमात बसत नाही, पण या धंद्यात सगळे तेच करतात. तिने नवऱ्याचं नाव वापरलंय, सासूचं वापरलंय, दिराचं वापरलंय. मला नवरा नाही, सासू नाही.

बाबांकडे गेले. ते मागच्या अंगणात ढाबळीत होते, निळ्या मादीचे पंख तपासत. शर्यतीच्या पक्ष्यांपैकी ती त्यांची सगळ्यात लाडकी. मी सगळं सांगितलं. त्यांनी मान वर न करता ऐकलं.

"म्हणजे माझं फक्त नाव हवंय?"

"नाव आणि थोडा वेळ. सगळं माझ्या घरून केलं तर त्यांना कळेल. तुमच्यासाठी टॅबलेट आणते. मी सांगेन ते तुम्ही लावायचं, उलटी बाजू मी सांभाळीन."

"वेळ आहे माझ्याकडे," ते म्हणाले. "कथबर्ट हे नावही कोणी वापरत नाही हल्ली. घे."

८ जून

टॅबलेट नेला. क्रॅनबी नावाच्या बुकीकडे खातं उघडलं. बाबांची बोटं जाड, दोनदा चुकीच्या घोड्यावर दाबलं, पण शिकले. तिसऱ्यांदा तर माझ्या आधी. कितीतरी दिवसांनी त्यांना हसताना पाहिलं.

निघताना बजावलं, "एक लक्षात ठेवा, बाबा. जिंकताना दिसायचं नाही. जिंकणाऱ्याला ते विचारत नाहीत, ऑफर बंद, सगळं बंद. हरणारा दिसला की मात्र ते त्याला सोडत नाहीत."

"म्हणजे हरायचं."

"हरल्यासारखं दिसायचं. आपले पैसे तिकडे माझ्या खात्यात येतातच."

"कळलं," ते म्हणाले.

ठरलं असं की रविवारी जेवणानंतर हिशेब करायचा आणि त्यांच्या खात्यात जिंकून उरतील ते पैसे पाकिटात घालून त्यांनी मला द्यायचे. न्हाणीघराचं पाकीट.

१८ जुलै

आज बाबांनी आपणहून फोन केला. ते कधी करत नाहीत, फोन म्हणजे कोणीतरी गेल्याची बातमी असं त्यांचं मत. आवाज निराळाच होता.

"क्रॅनबीचा माणूस बोलला माझ्याशी. ज्युलियन. म्हणाला, मिस्टर रॉब्सन, इथून पुढे तुमचं खातं मी स्वतः बघणार. काही लागलं तर थेट मला सांगा. वीस पौंडांची पैज फुकट दिली, आपणहून."

मी उडालेच. खास गिऱ्हाइकांना असा माणूस मिळतो हे लिनेटकडून ऐकलं होतं, पण कुणाला मिळालेला पाहिला नव्हता. आपलं सोंग किती बेमालूम वठलंय! बाबांना म्हटलं, बोलत राहा त्याच्याशी, गोड बोला.

"बोललोच की. कबुतरांचं विचारत होता. त्याचे आजोबाही उडवायचे म्हणे."

६ ऑगस्ट

रविवार. हॅम, वाटाण्याच्या डाळीचं पीज पुडिंग आणि बाबांनी बेकरीतून आणलेला स्टॉटी पाव. पाकीट जाड होतं. ज्युलियन आता दर मंगळवारी अकराला फोन करतो. बाबा साडेदहालाच दाढी करून बसतात. मी चिडवलं, "फोनवर दाढी दिसत नाही हो." ते म्हणाले, "मला दिसते."

आई गेल्यावर ते दुपारपर्यंत पायजम्यात बसायचे. त्यापेक्षा हे बरं. मला तर वाटतं, या सगळ्यातली खरी कमाई हीच.

२५ ऑगस्ट

यॉर्कच्या शर्यती, क्रॅनबीच्या खर्चाने. गाडी घरापर्यंत आली. बाबांनी आईच्या अंत्यविधीचा सूट घातला होता, टाय मात्र निळा. काचेमागची खोली, पांढरे टेबलक्लॉथ, सामन मासा, थंड वाइन.

ज्युलियन तिशीचा असेल. देखणा, दात फार पांढरे. बाबांचा हात दोन्ही हातांत धरला. आईचं नाव मेव्हिस हे त्याला ठाऊक. निळ्या मादीचं नाव डॉली आणि ती फ्रान्समधून वादळात परत आली होती हेही ठाऊक. ते मलाही ठाऊक नव्हतं.

मला बाजूला घेऊन म्हणाला, "तुमचे वडील म्हणजे आमचं भूषण आहेत." मला हसू दाबता दाबता पुरेवाट. मनात म्हटलं, पोरा, तुझ्याच पैशांनी तुझाच मासा खातोय आम्ही. इतकी मजा मला कित्येक वर्षांत आली नव्हती.

बाबा शर्यती फारशा पाहत नव्हते. ज्युलियन कुठे आहे तेवढं पाहत होते.

१९ सप्टेंबर

बाबांचा मूड वाईट. दोन मंगळवार ज्युलियनचा फोन नाही. रजेवर असेल, म्हटलं. त्यांनी चहाचा कप बाजूला सारला. मग म्हणाले, "एक घोडा आला दोन आठवड्यांपूर्वी. मोठा आला." सांगण्याची तऱ्हा अशी की कोणीतरी दगावलं.

"मग चांगलंच की," मी म्हटलं.

"चांगलं काय त्यात?"

मी सांगितलेल्यांपैकीच असणार. तसं असेल तर माझ्याकडे तेवढं गेलेलं दिसायला हवं होतं, पण त्या आठवड्यात इतक्या पैजा होत्या की एकेक शोधत बसले नाही. त्यांना म्हटलं, पुढच्या वेळी हरा म्हणजे झालं. गमतीने म्हटलं.

२६ सप्टेंबर

ज्युलियन परतला. टेनेरिफ बेटावर गेला होता, बायकोबरोबर. बाबांनी हे मला दोनदा सांगितलं.

२० ऑक्टोबर

बाबांनी कबुतरं विकली. सगळी.

दुकानात विल्फ भेटला तेव्हा कळलं. विल्फ त्यांच्या कबुतरांच्या क्लबातला जुना सोबती. दर शुक्रवारी क्लबात पक्ष्यांच्या पायांत शर्यतीचं नंबराचं रबरी कडं चढवायचं, मग एकेक ग्लास बिअर. विल्फ म्हणाला, "उन्हाळा संपायच्या आधीच कथबर्ट यायचा बंद झाला. आणि आता एका फटक्यात सगळे पक्षी दिले. डॉलीसुद्धा. मी म्हटलं, अरे, हातची काय सोडतोस? तर म्हणाला, न्हाणीघरासाठी."

मला दुकानातच भरून आलं. म्हणजे माझा भार हलका व्हावा म्हणून. बाबांना विचारलं तर म्हणाले, "गुडघे चालत नाहीत आता, शिडी चढवत नाही." आपला मोठेपणा लपवायची त्यांची जुनी खोड. मी खोलात गेले नाही.

न्हाणीघर कबुतरांसाठी हवं होतं आणि कबुतरं न्हाणीघरासाठी गेली, हा विचार आला खरा. पण गुडघ्यांचंही खरंच आहे.

१४ नोव्हेंबर

इंग्लंडचा फुटबॉलचा सामना. दिवसभर ऑफरच ऑफर, जेवायला फुरसत नाही. दुपारी बाबांना फोन करून पैज सांगितली. ते म्हणाले, "आज चौदा तारीख." मी म्हटलं, हो, आजच, सामना आठला आहे, सातच्या आत लावा. त्यांनी बरं म्हणून फोन ठेवला.

२८ नोव्हेंबर

लिनेटकडे गेले होते. तिची आता फक्त दोन खाती शिल्लक. मी ऐटीत सांगितलं की बाबांचं क्रॅनबीचं खातं अजून ठणठणीत आहे.

ती थांबली. "जूनपासून? आणि तो माणूस अजून फोन करतो?"

"दर मंगळवारी."

"एव्हरिल, असं होत नाही. माझ्या दिराचं सहा आठवड्यांत आवळलं. ते काय खुळे आहेत?"

"बाबांचा चेहराच असा आहे. सगळ्यांना आवडतात."

"बुकीला चेहरा दिसत नाही गं," लिनेट म्हणाली आणि बिस्किटांची बशी पुढे सरकवली. तिला थोडी असूया वाटत असावी. साहजिक आहे.

११ जानेवारी २०१८

आज झालं ते लिहून ठेवते.

न्हाणीघराचा मिस्त्री आगाऊ रक्कम मागत होता. माझी पाकिटं तयार होती. बाबांना म्हटलं, चला पतपेढीत, तुमचा निम्मा काढू. ते म्हणाले पुढच्या आठवड्यात. मागच्या आठवड्यातही हेच म्हणाले होते. मी कोट त्यांच्या खांद्यावर टाकला, तर ते खुर्चीतून उठलेच नाहीत.

"तिथे काही नाही, पोरी."

"काही नाही म्हणजे?"

"आईचं होतं ते गेलं. पक्ष्यांचंही गेलं. क्रॅनबीकडे."

मला आधी वाटलं, फसवलं यांना. मग वाटलं, चटक लागली. मी म्हटलं, "मी सांगितलं त्याशिवाय दुसरं लावत होतात? जिंकू असं वाटलं तुम्हाला?"

"जिंकू?" ते माझ्याकडे असे बघायला लागले की मीच मूर्ख. "आयुष्यभर पक्षी उडवले मी. कोणता येणार नाही ते मला दिसतं. घोड्यांचंही दिसतं. येणार नाहीत तेच मी निवडायचो. एकदाच चुकलं, सप्टेंबरात. तर त्याचा फोन बंद झाला."

"तो रजेवर होता."

"ते मागून कळलं."

मी खाली बसले. ते हळू आवाजात सांगत राहिले, जणू मला लागू नये म्हणून. "तूच सांगितलं होतंस ना. जिंकणाऱ्याला ते विचारत नाहीत. तू सांगायचीस ते मी लावायचो, पण त्यात फार हरणं नसायचं. म्हटलं, एवढ्यावर तो किती दिवस बोलेल."

"आणि रविवारची पाकिटं?"

"ती तुझ्या आईचीच. फुकटच्या पैजाही मी न येणाऱ्या घोड्यांवर घालवायचो. पाकीट दिलं नसतं तर तू यायची थांबली असतीस."

मी म्हटलं मी थांबले नसते. म्हटलं आणि स्वतःच ऐकलं. जूनपासून पाकिटाशिवाय मी किती वेळा गेले, ते मला आठवेना.

मग मी चिडले. चिडणं सोपं होतं. "त्याला याचेच पैसे मिळतात, बाबा. समोर पडद्यावर लिहिलेलं असतं. आईचं नाव, डॉलीचं नाव, फ्रान्सचं वादळ. त्याचे आजोबा कबुतरं उडवत नव्हते. कुणाचेच उडवत नसतात."

"माहीत आहे. मी खुळा नाही." त्यांनी कोट खांद्यावरून काढून मांडीवर घडी घालून ठेवला. "चौदा नोव्हेंबरला तो म्हणाला, आज मेव्हिसचा वाढदिवस, तुम्हाला दिवस जड जात असेल. तू म्हणालीस, सामना आठला आहे."

मी त्यांच्या मांडीवरचा कोट उचलून खुंटीला लावला.

"त्याने निदान लिहून तरी ठेवलं होतं," बाबा म्हणाले.

१६ जानेवारी

मंगळवार. सकाळीच बाबांकडे गेले. क्रॅनबीला मी काल फोन करून पाहिला होता. खातेदाराशिवाय कुणाशी बोलता येत नाही म्हणाले. आणि मी काय सांगणार होते? की वडिलांच्या नावाने मी तुम्हाला फसवत होते, आणि मधल्या मध्ये तुम्ही त्यांना धुतलंत? खातं बंद करायचं तर बाबांनीच बोलायला हवं होतं.

त्यांनी दाढी केली होती. अकराला फोन वाजला. ज्युलियनचा आवाज खोलीभर ऐकू येत होता, गुडघे कसे आहेत, थंडी काय म्हणते. बाबांनी सगळ्याची उत्तरं दिली. मी खुणेने घाई करत होते. त्यांनी माझ्याकडे पाठ केली.

शेवटी म्हणाले, "ज्युलियन, खातं बंद करायचंय. कायमचं. पुन्हा उघडता येणार नाही असं."

पलीकडून ऑफर सुरू झाल्या. मग पन्नास पौंडांची पैज, फुकट. मग शंभरची. मग मार्चमध्ये चेल्टनमच्या शर्यती, राहण्याजेवणासकट.

"नको रे बाळा," बाबा म्हणाले. "पण तुझा फोन येत जाईल का? असाच? पैजेशिवाय?"

मी खिडकीकडे बघत राहिले. ज्युलियन काय म्हणाला ते ऐकू आलं, कारण त्याचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. म्हणाला, "मला तशी परवानगी नसते, मिस्टर रॉब्सन." आणि जरा थांबून, "काळजी घ्या." त्यात काही खरं होतं की नाही, सांगता येत नाही. असावं असं वाटतं.

पाकिटातल्या पैशांतून जिन्याखाली संडास होईल. न्हाणीघर पुढच्या वर्षी पाहू. आईचेच पैसे आहेत ते. सात महिने मी ते माझी कमाई समजून मोजत होते.

२३ जानेवारी

लॅपटॉपवरची उरलेली खाती बंद केली. लिनेट म्हणाली, तू कशाला, तुझं काय चुकलं? तुझा हिशेब तर बरोबर होता. मी म्हटलं, हो, हिशेब बरोबर होता.

दुपारी बाबांकडे गेले तर ते दाढी करून फोनशेजारी बसलेले. मी दिसताच म्हणाले, "सवय." दोघांनी चहा घेतला. काय बोलावं ते मला सुचेना, आणि ते पैजेचं विचारणार नव्हते. अर्ध्या तासात मी उठले. दारात आल्यावर लक्षात आलं, गेल्या कित्येक महिन्यांत आमच्यात दुसरा विषयच नव्हता.

३० जानेवारी

मंगळवार. अकरा वाजता बाबांना फोन केला.

पहिल्याच घंटेला उचलला. "हॅलो, रॉब्सन बोलतोय." असा ताठ आवाज, तरुण माणसाचा.

"मीच आहे, बाबा."

"अच्छा." आवाज खाली आला. एक पायरी उतरावी तसा. मी फोन ठेवला नाही. "काय झालं? कोणी गेलं का?"

"कोणी नाही. सहज केला."

"सहज," ते म्हणाले. ज्युलियन पुढे काय विचारत असेल, ते मी आठवू लागले.

"गुडघे कसे आहेत?"

"आहेत."

"थंडी?"

"जानेवारी आहे, पोरी."

माझ्याकडचं संपलं. ते फोन ठेवतील असं वाटलं, म्हणून घाईने म्हटलं, "बाबा, डॉली फ्रान्सहून आली ते मला कधी सांगितलं नाहीत."

"तू विचारलं नाहीस."

"आता विचारतेय."

मग खुर्ची ओढल्याचा आवाज आला, आणि त्यांचा गुडघा मुडपताना होतो तो हुंकार.

"तुझ्याकडे लावायला काही आहे का आज?" त्यांनी विचारलं. "खरं सांग."

"काही नाही."

"मग तुला वेळ आहे?"

"आहे."

"तिला सोडलं ती पहाट पावसाची होती," बाबा सांगू लागले. "तुझी आई म्हणाली होती, या हवेत सोडू देऊ नका."

माझी किटली उकळून आपोआप बंद झाली. मी उठले नाही.